वहिवाट

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आमच्या डोळखांबकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असते. मीही लहानपणापासून ती ऐकत आलो. पण हा शहाणा कोण? ज्याच्या नावावर सातबारा आहे, ज्याचा तंटा पाटलाच्या ओटीवर सुपारी कातरता कातरता मिटतो, तो. ज्याला त्या ओटीवर पायच ठेवू देत नव्हते, त्याने जायचे कुठे? गाव त्याचे नाही, पंच त्याचे नाहीत, देव तर नाहीच नाही. त्याला एकच पायरी उरली होती, आणि तीच चढू नको असे शहाणपण त्याला शिकवले गेले.

मित्रांनो, आपल्या सभांत बाबासाहेब घटनाकार म्हणून येतात. निळा कोट, हातात पुस्तक, बोट पुढे. पण काळा डगला घालून कज्जे लढवणारे बाबासाहेब आपल्याला माहीत नसतात. ते माहीत नसले की घटनाही नीट कळत नाही, असे माझे म्हणणे आहे. म्हणून हे लिहितो आहे.

1923 साली बाबासाहेब लंडनहून परतले. ग्रेज इनचे बॅरिस्टर, अर्थशास्त्राचे डी.एस्सी. पण वकिलीची सनद काढायला खिशात पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली, तेव्हा सनद हाती आली. कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये, बिऱ्हाड बी.आय.टी. चाळीत. आता हायकोर्टात बडे काम मिळायचे तर सॉलिसिटरने ते द्यावे लागे. महाराच्या पोराला कोण देणार? ज्ञानाला विटाळ नसतो म्हणतात, फीला मात्र होता. मग पोटासाठी 1925 ते 1928 बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवणे, आणि तालुक्याजिल्ह्याच्या कोर्टांतले खटले. गरिबांचे काम बहुधा फुकटात. दार उघडे असायचे, कामगार नि खेडूत येऊन बसायचे.

असल्या वकिलाकडे कसले खटले येणार? ज्यांना दुसरा कोणी नाही त्यांचे. दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून पुण्यात खटला झाला. टिळक-चिपळूणकरांवर कडक टीका, म्हणून अब्रुनुकसानी. खालच्या कोर्टात जवळकर, केशवराव जेधे, केशवराव बागडे यांना शिक्षा झाली. 1926 मध्ये अपिलात बाबासाहेब उभे राहिले. ब्राह्मणेतर चळवळीवर भाषण त्यांनी ठोकले नाही. त्यांनी नेमके कलम पकडले. मेलेल्या माणसाच्या बदनामीची फिर्याद जवळच्या नातलगाने करायची असते. हा फिर्यादी तर चिपळूणकरांचा दूरचा नातेवाईक. आरोपी सुटले. राग सगळ्यांनाच होता, कायदा मात्र एकानेच वाचला होता.

दुसरा प्रसंग आपल्या ठाण्याचा. धनंजय कीरांनी चरित्रात तो नोंदला आहे. 23 ऑक्टोबर 1928 ला पुण्यात सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांची साक्ष होती. आणि ठाण्याच्या सेशन कोर्टात नेमका त्याच वेळी एक गंभीर खटला. एकीकडे अख्ख्या समाजाचे राजकीय भवितव्य, दुसरीकडे काही माणसांचे गळे. आपण असतो तर म्हटले असते, समाजकार्य आधी. बाबासाहेबांनी जज्जाला विनंती केली, सरकार पक्षाच्या आधी मला बोलू द्या. परवानगी मिळाली. आरोपींची बाजू मांडली नि मग ते साक्षीला गेले. बहुतेक आरोपी सुटले. समाज म्हणजे असली एकेक माणसेच, हे त्यांना कोर्टाने शिकवले असे मला वाटते.

आणि आता महाड. 20 मार्च 1927 चे पाणी आपल्याला तोंडपाठ आहे. तळ्याची कागदपत्रे मात्र कुणी वाचत नाही. 1923 साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात झाला होता, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड म्युनिसिपालिटीनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे होते. ओंजळ भरली तेव्हा काठ्या बसल्या, नि तळे शेण-गोमूत्राने शुद्ध केले गेले.

दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, 12 डिसेंबर 1927 ला, सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला. तळे आमचे, अस्पृश्यांनी न शिवण्याची अनादी काळाची वहिवाट आहे. 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. प्रतिवादींत पहिले नाव वकिलाचे स्वतःचे, भीमराव रामजी आंबेडकर. 25 डिसेंबरला हजारो माणसे जमली, मनुस्मृती जाळली, पण पाण्याला हात लावला नाही. पुष्कळांना ते गिळवले नसेल. मला तर आजही वाचताना जड जाते. पण त्या माणसाला दावा जिंकायचा होता, दिवस नव्हे.

हुकूम 23 फेब्रुवारी 1928 ला उठला. दाव्याचा निकाल 8 जून 1931 ला आपल्या बाजूने. मग अपील कुठे? महाड कुलाबा जिल्ह्यातले, पण अपील आले ठाण्याच्या जिल्हा कोर्टात. होय, ज्या ठाण्याला आम्ही शहापूरकर-मुरबाडकर तारखांना जातो, त्याच. 30 जानेवारी 1933 ला ते फेटाळले. शेवटी 17 मार्च 1937 ला हायकोर्टात ब्रूमफील्ड यांचा निकाल झाला. एका ओंजळीला दहा वर्षे लागली.

पण खरी गोम पुढे आहे. हायकोर्टाने ‘अस्पृश्यता अन्याय आहे’ असे म्हटले नाही. त्याने म्हटले, अनादी वहिवाट सवर्णांना शाबीत करता आली नाही. म्हणजे आपण जिंकलो ते त्यांचा पुरावा लंगडा पडला म्हणून. आणि शाबीत झाली असती तर? जुनी असती, अखंड असती, तर तोच कायदा आपल्याला तळ्यावरून हाकलायला मोकळा होता. अन्याय जितका जुना तितका पक्का, अशी ती रीत.

आता घटना उघडा. कलम 13 पाहा : मूलभूत हक्काविरुद्ध जाणारा कायदा रद्द, आणि ‘कायदा’ या शब्दात रूढीसुद्धा धरली आहे. कलम 15 पाहा : विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, एकेक नाव घेऊन. कलम 17 : अस्पृश्यता नष्ट. 1947 साली मसुदा समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत जो बसला, त्याने ‘तलाव’ हा शब्द नुसत्या ग्रंथात वाचलेला नव्हता. त्या शब्दावर त्याने दहा वर्षे तारखा भरल्या होत्या. म्हणून मी म्हणतो, त्या कलमाला चवदार तळ्याचे पाणी आहे.

हे मी डोळखांबात बसून का सांगतो? आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. मुंबई आमच्या पाण्यावर जगते. उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. ही नवी वहिवाट. ती कुठल्या पोथीत नाही, फायलीत आहे.

आपली पोरे मोर्च्यात पुढे असतात, याचा मला अभिमान आहे. पण ठराव कोणत्या तारखेचा, विहीर कोणाच्या पैशाची, नकाशात रस्ता आहे का, हे विचारले की माना खाली जातात. बाबासाहेबांनी तळ्यावर पाऊल टाकले तेव्हा बोले ठराव त्यांना ठाऊक होता. पाय नि कागद दोन्ही बरोबर होते.

तेव्हा गड्यांनो, घोषणा द्या, खुशाल द्या. पण उद्या सकाळी तलाठ्याकडे जा, आपल्या वस्तीच्या विहिरीची नोंद मागा. नाही म्हणाला तर तसे लिहून मागा. शहाण्यांनी कोर्टाची पायरी चढू नये. आपण चढायची.

जयभीम.