कोन्या गावचे जी?

पुण्यात पहिल्यांदा खोली शोधत होतो तेव्हा एका घरमालकांनी दारातच विचारलं, "तुम्ही कुठले?" अकोला म्हटल्यावर "अच्छा, तिकडचे" म्हणून दार हळूच लोटून घेतलं. :) आमच्या वऱ्हाडातही हाच प्रश्न विचारतात, पण "कोन्या गावचे जी?" म्हणत खाट पुढे ओढतात. ही फुशारकी मी कॅन्टीनमध्ये कित्येक वर्षं मारत आलोय. गेल्या वीकेंडला म्हटलं, जरा इतिहास तपासून बघू.

पहिला पुरावा तर जबरदस्त निघाला. फेरिश्ताच्या म्हणण्याप्रमाणे, विजयनगरकडचा एक कानडी ब्राह्मण मुलगा बहामनी स्वारीत पकडून वऱ्हाडात आणला गेला, मुसलमान म्हणून वाढला, आणि १४९० साली फतहउल्ला इमाद-उल-मुल्क या नावाने इथला स्वतंत्र सुलतान झाला. राजधानी आपलं अचलपूर! (आता सुलतान तो स्वतःच झाला, आमचं मत कोणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.)

मग कापूस. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी, त्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. मारवाडी, कच्छी, गुजराती मंडळी आली. जिनिंग, अडत, पेढ्या. इथे माझी फुशारकी जरा डळमळते. खाट पुढे ओढली ती अगत्याने की गरजेपोटी? कापूस विकत घेणारा आणि पेरणीला कर्ज देणारा बऱ्याचदा एकच असायचा, आणि नापिकीनंतर जमीन त्याच्याकडे जायची. तरीही मारवाडी घरातले अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी 'विदर्भकेसरी' झाले, १९४७ च्या अकोला करारावर त्यांचीही सही आहे. हे पण खरंच.

अगत्याचा खरा दाखला मला वाटतं अमरावतीचा. डॉ. शिवाजीराव पटवर्धन मूळचे जमखंडीकडचे. होमिओपॅथीची चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून त्यांनी १९४६ साली शहराबाहेर तपोवन उभं केलं, कुष्ठरोग्यांसाठी. ज्यांना घरच्यांनीच दाराबाहेर काढलं, त्यांना घर दिलं ते एका बाहेरून आलेल्या माणसाने.

आणि फासेपारधी? ते तर पाहुणेही नाहीत, इथलेच. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारायची सोय केली. १९५२ ला कायदा गेला, शिक्का राहिला. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चवाळ्याला मतीन भोसले यांनी पारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिचं नाव 'प्रश्नचिन्ह'. तिचाही काही भाग समृद्धी महामार्गात गेला.

हे वाचून बाबांना फोन लावला. आपल्या गावाबाहेर पारध्यांचा बेडा होता ना, त्यातलं कोणी आपल्या ओसरीवर कधी बसलं होतं का?

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "पान्यापावसात येकदा आलते ना. गोठ्यात बसोलं होतं."