आकडी, विळी आणि सुऱ्यांचा ठोकळा

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी इतिहासावर एखादा लेख असावा, असा प्रघात आहे. आजवर आम्हीही दर्यासारंग मायनाक भंडारी, रत्नदुर्ग, पतितपावन मंदिर अशा विषयांवर यथाशक्ती चार ओळी लिहिल्या. यंदा मात्र आम्ही जो विषय घेतला आहे, तो वाचून कित्येक वाचकांस हसू येईल. स्वयंपाकघरातील सुऱ्या ठेवण्याचा लाकडी ठोकळा हा काय इतिहासाचा विषय झाला? परंतु इतिहास केवळ गडकोटांच्या तटांवरच लिहिलेला असतो असे नाही. तो माळ्यावरच्या पेटीतही निजलेला असतो, ह्याचा प्रत्यय आम्हास गेल्या पावसाळ्यात आला. तो अनुभव ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रसंग असा. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगास, पेठकिल्ल्याकडे चढणाऱ्या वाटेवर आमचे जुने घर आहे. एके दुपारी आमच्या नऊ वर्षांच्या नातवाने ओट्याखालच्या खणात चमचा शोधण्यासाठी हात घातला आणि सुरीचे पाते त्याच्या बोटात शिरले. जखम फार खोल नव्हती. पण घरात एकच गोंधळ उडाला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, हल्ली सुऱ्या खोचून ठेवायचे लाकडी ठोकळे तयार मिळतात. एक मागवूया का?" आम्ही म्हणालो, "लाकडाचा ठोकळा मागवायला कशाला हवा? घरी करू." सेवानिवृत्त मास्तराजवळ वेळ पुष्कळ असतो आणि अहंकारही थोडा शिल्लक असतो.

येथे प्रथम हा प्रश्न उद्भवतो की, आपल्या आज्यांना असा ठोकळा का लागला नाही? ह्याचे उत्तर त्यांच्या विळीत आहे. विळी म्हणजे लाकडी पाटात कायमचे रोवलेले पाते. बाई पाटावर पाय ठेवून जमिनीवर बसते, पाते स्थिर राहते आणि जिन्नस हलतो; सुरीच्या बाबतीत जिन्नस स्थिर आणि पाते हलते. हा भेद लहान वाटतो. पण बांगडा, सुरमई, तारली अशी निसरडी मासळी कापावयाची झाली म्हणजे त्याचे महत्त्व कळते. दोन्ही हात मासळी धरण्यास मोकळे राहतात. त्याच पात्याच्या टोकाशी नारळ खवण्याची दातेरी चकती असते, म्हणजे एका पाटावर दोन कामे होतात. काम संपले की विळी भिंतीशी आडवी करून ठेवीत. पात्याला त्याचे लाकूड जन्मतःच मिळालेले असल्यामुळे निराळ्या घराची त्यास गरजच नव्हती. मिरकरवाड्याच्या बंदरावर आमच्या खारवी आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या घरांतील स्त्रिया ज्या सफाईने मासळी कापीत, ती आम्ही लहानपणी तोंडात बोट घालून पाहिली आहे.

पुढे चुली गेल्या, ओटे आले. आमच्या घरी १९८४ साली ओटा झाला आणि बसून करण्याचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. उभ्याने विळी चालत नाही. म्हणून सुरी आली. त्यापूर्वीच्या लोखंडी पात्यास आपल्या खाऱ्या हवेत रात्रीतून तांबेरा चढे. ते पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा लागे. इंग्लंडातील शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली ह्या गृहस्थाने १९१३ साली न गंजणाऱ्या पोलादाचा शोध लावला आणि कालांतराने ते पोलाद जगभरच्या स्वयंपाकघरांत शिरले. सुऱ्या पुष्कळ झाल्या. त्यांना ठेवावे कोठे, हा प्रश्न त्यांच्याबरोबरच आला. खणात टाकलेल्या सुऱ्या एकमेकींवर आपटून बोथट होतात आणि हात कापतात तो वेगळाच. लाकडी ठोकळा हे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

एवढा विचार झाल्यावर आम्ही लाकूड शोधण्यास माळ्यावर चढलो. पडवी दुरुस्त करताना काढलेली फणसाची जुनी चौकट तेथे होती. तिच्यामागे एक पत्र्याची पेटी होती. ती उघडली तेव्हा तळाशी फडक्यात बांधलेली एक वस्तू हाती लागली. वीतभर लांबीचा, हाताळून काळा आणि गुळगुळीत झालेला लाकडाचा तुकडा, त्यात आरपार खाच आणि कडेस दोरी ओवण्याची भोके. ती आमच्या आजोबांची आकडी होती.

नव्या पिढीतील वाचकांसाठी सांगतो. आकडी म्हणजे कोयता अडकविण्याची कमरेवरची लाकडी खाच. ती दोरीने कमरेस मागील बाजूस बांधावयाची. पाते खाचेतून खाली उतरते आणि मूठ वर हाताशी राहते. कोकणात शेतकरी, गुराखी सर्वच ती वापरीत. पण माडावर चढणाऱ्या भंडाऱ्यास तिच्यावाचून गत्यंतर नव्हते. दोन्ही हात आणि दोन्ही पाय माडास बिलगलेले. कमरेस एका अंगाला माडी उतरविण्याचे भांडे आणि पाठीशी आकडीत वस्तऱ्यासारखी धारदार कोयती. माडाच्या पोयीस सकाळ-संध्याकाळ अतिशय पातळ छेद द्यावा लागतो. धार बोथट असेल तर पोय चेचली जाते आणि माडी येणे थांबते. म्हणून ते पाते दगडावर, जमिनीवर किंवा दुसऱ्या लोखंडावर कधी ठेवावयाचे नाही. त्याची जागा लाकडातच. सुऱ्यांच्या ठोकळ्याचे सारे तत्त्व त्या वीतभर तुकड्यात आलेले आहे, हे आम्हास त्या क्षणी उमगले.

आणि दुसरेही एक उमगले, ते लिहिण्यास थोडे धैर्य लागते. ही आकडी आमच्या लहानपणी ओटीवरच्या खुंटीस टांगलेली असे. आम्ही मॅट्रिकच्या वर्गात गेलो त्या वर्षी ती खुंटीवरून नाहीशी झाली. वडील एका कचेरीत कारकून होते. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती पाहू नये, असे त्यांना वाटत असावे. आम्ही कधी विचारले नाही. विचारले नाही, कारण आम्हासही तसेच वाटत होते. नोकरीच्या अर्जात घराण्याच्या परंपरागत धंद्याचा रकाना होता, तेथे आम्ही 'शेती' असे लिहिले. आजोबांच्या मालकीची शेती दोन गुंठ्यांचीही नव्हती. छत्तीस वर्षे मुलांना 'खरे बोलावे' असा धडा देणाऱ्या मास्तराची ही कबुली आहे.

ही लाज आली कोठून, ह्याचा इतिहासच पाहिला पाहिजे. 'भंडारी' हा शब्द कोणी भांडाराशी जोडतात, कोणी 'मंडहारक' ह्या संस्कृत शब्दाशी. वाद विद्वानांनी करावा. पण माडाचा धंदा आणि शस्त्राचा पेशा ही दोन्ही अंगे आपल्या ज्ञातीत प्राचीन काळापासून आहेत, ह्यात संशय नाही. १६७९ साली शिवछत्रपतींच्या आज्ञेने मायनाक भंडारी ह्यांनी खांदेरी बेटावर इंग्रजांच्या विरोधास न जुमानता ठाण मांडले. त्याच सुमारास मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर (१६६९ ते १६७७) ह्याने जी रक्षकदले उभारली, त्यांत भंडाऱ्यांचा भरणा होता. म्हणजे एकाच ज्ञातीचे वीर दर्यावर इंग्रजांशी झुंजत होते आणि मुंबईत त्यांच्या चाकरीतही होते. दोन्हींस हाताचे कसब आणि पात्याची ओळख होती, एवढे निश्चित.

धंद्याचा कणा मोडला तो कायद्याने. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात माडीचा धंदा सरकारी परवाने आणि करांच्या जाळ्यात आला. ज्याचा हात माडावर, त्याचा हक्क माडीवर, ही जुनी रीत लयास गेली. पुढे १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली आणि १९५० पासून ती मुंबई राज्यात पूर्णपणे अमलात आली. आमच्या आजोबांनी त्यानंतर कोयती खाली ठेवली. मद्यपानाने संसार उद्ध्वस्त होतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि व्यसनाची भलावण करणे हा आमचा हेतू मुळीच नाही. परंतु व्यसन निंद्य ठरले म्हणून झाडावर चढणाऱ्याचे कौशल्यही निंद्य ठरावे, हा न्याय नव्हे. साठ-सत्तर फूट उंचीच्या माडावर दिवसातून दोनदा चढून, वाऱ्यात तोल सावरीत, कागदासारखा पातळ छेद देणारा मनुष्य हा कारागीरच होता. आम्ही धंद्याबरोबर कारागिरासही पेटीत बांधून ठेवले, ही आमची चूक झाली.

ह्या ठिकाणी दानशूर भागोजीशेठ कीर ह्यांचे स्मरण होते. रत्नागिरीतील गरीब घरात जन्मलेल्या ह्या पुरुषाने मुंबईस जाऊन सुतारकामापासून आरंभ केला आणि पुढे मोठमोठ्या इमारती बांधणारे कंत्राटदार म्हणून कीर्ती मिळविली. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ ह्या काळात रत्नागिरीस स्थानबद्ध असताना, सर्व जातींस खुले असे पतितपावन मंदिर भागोजीशेठजींनी स्वखर्चाने बांधून दिले. ते १९३१ साली पूर्ण झाले. आपण हाती पटाशी धरली होती, हे लपविण्याची गरज त्यांना वाटली नाही. आम्हास मात्र आकडी लपवावीशी वाटली!

असो. आता ठोकळ्याकडे वळतो, कारण ज्यांना तो घरी करावयाचा असेल त्यांना ही माहिती उपयोगी पडेल. लाकूड पूर्ण वाळलेले हवे. फणसाचे लाकूड दमट हवेत टिकते आणि हत्यारास मऊ लागते; शिवणीचे लाकूड वाकत-पिळत नाही; साग उत्तम, पण महाग. आंब्याचे स्वस्त, परंतु त्यास कीड लवकर लागते. एका अखंड ठोकळ्यात खोल खाचा कोरू नयेत. ते घरच्या हत्यारांनी साधत नाही. त्याऐवजी इंचभर जाडीच्या चार फळ्या घ्याव्यात. उंची सर्वांत लांब पात्याहून इंचभर अधिक, म्हणजे आठ इंची पात्यास नऊ इंच. फळ्यांस रंधा मारून गुण्याने काटकोन तपासावा. मग तीन फळ्यांच्या एकेका अंगावर, पात्याच्या रुंदीहून किंचित मोठी आणि सुमारे तीन मिलिमीटर खोल अशी उथळ पन्हळ पटाशीने काढावी. फळ्या सरसाने एकमेकींस चिकटविल्या की पन्हळीची आपोआप खाच होते. सरस पन्हळीत उतरू देऊ नये आणि फळ्या एक दिवस शिकंज्यात आवळून ठेवाव्यात.

दोन गोष्टी आकडीने आम्हास शिकविल्या. पहिली अशी की, खाच खालून मोकळी असावी. रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बंद खाचेत ओल साठून बुरशी धरते. म्हणून ठोकळ्याखाली दोन पट्ट्या मारून तो अर्धा इंच उचलून घेतला. दुसरी अशी की, पात्याचा भार धारेवर न पडता पाठीवर पडावा. म्हणून ठोकळा तिरका करून पात्याची पाठ खाली आणि धार वर राहील अशी योजना केली. शेवटी बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. सुरी धुऊन, पुसून, कोरडी करूनच आत ठेवावी, हा नियम सूनबाईंनी घरातील सर्वांस घालून दिला आहे.

काम चालू असताना नातू शेजारी बसून असे. त्याच्या बोटास अद्याप पट्टी होती. त्याने आकडी उचलून विचारले, "आजोबा, हे काय आहे?" आम्ही क्षणभर थबकलो. पन्नास वर्षांची सवय एकदम सुटत नाही. मग सांगितले, "ही माझ्या आजोबांची आकडी. ते माडावर चढून माडी काढीत." त्याने वर पाहिले. अंगणातल्या माडाच्या शेंड्याकडे त्याची दृष्टी गेली. तो म्हणाला, "एवढ्या उंच? आणि सुरी पाठीला लावून? त्यांना कधी कापलं नाही?" आम्ही म्हणालो, "नाही. कारण आकडी चांगली होती." त्याच्या स्वरात लाज नव्हती, नुसते आश्चर्य होते. इतकी वर्षे ज्याला आम्ही भीत होतो, तो प्रश्न एवढाच होता.

आज ठोकळा ओट्यावर आहे. थोडा वाकडा झाला आहे, हे मान्य करतो. त्याच्यावरच्या भिंतीत एक खुंटी ठोकून आकडी तेथे टांगली आहे.

ज्ञातिबांधवांस एकच विनंती आहे. आपापल्या माळ्यांवर, पडव्यांत, जुन्या पेट्यांत वाडवडिलांची हत्यारे असतील. ती भंगारात देऊ नका. त्यांची नावे वृद्धांना विचारून लिहून ठेवा. कारण हत्याराच्या आधी त्याचे नाव नाहीसे होते. आणि मुलांनी विचारले, तर खरे ते सांगा. आम्ही उशिरा सांगितले. आपण वेळेवर सांगावे.

इत्यलम्.