दांतांतली कीड

आपल्या भाषेंत कांहीं शब्द असे आहेत कीं, त्यांच्या पोटांत एखादा सबंध सिद्धान्त दडलेला असतो. तो सिद्धान्त खोटा ठरून शतकें लोटलीं तरी शब्द आपला जिवंतच राहतो. ‘दाढ किडली’ हा प्रयोग त्यांतलाच. लांकूड किडतें, धान्य किडतें, वांगें किडतें, तसाच दांतहि किडतो. अर्थात् त्यांत कीड आहे, आणि ती कीड बाहेर काढली म्हणजे दुखणें थांबेल, असा सरळ तर्क या दोन शब्दांत भरलेला आहे. आजच्या भाषणांत या किडीचा थोडासा इतिहास सांगावा, आणि तिच्या मागोमाग दांताच्या वैद्याचा धंदा आपल्या मुलखांत कसा आला तेंहि सांगावें, असा विचार आहे.

हा तर्क एकट्या मराठी माणसाचा नव्हे. बाबिलोनच्या लोकांचा दांतदुखीवरचा एक मंत्र मातीच्या विटेवर लिहिलेला सांपडला असून ती वीट लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. सृष्टि उत्पन्न झाल्यावर किडा देवापुढें रडत जातो व माझ्या अन्नाची सोय काय, म्हणून विचारतो. देव त्याला अंजिरासारखीं पिकलेलीं फळें देऊं करतो. किड्याला तीं नकोत; मला दांत आणि हिरडी यांच्यामध्यें राहावयास जागा द्या, असें तो म्हणतो. रात्रीं दोन वाजतां दाढ ठणकत असलेल्या माणसास ही कथा अगदीं खरी वाटली असेल यांत शंका नाहीं.

आमच्याकडे सुश्रुतानें दांताच्या आठ रोगांत ‘कृमिदंत’ हा एक रोग सांगितला आहे. दांत काळा पडणें, त्यास छिद्र पडणें, तो हलणें, त्यांतून स्राव होणें आणि कारणावांचून ठणका लागणें, हीं त्याचीं लक्षणें. मुखरोगांची सुश्रुताची एकूण संख्या ६५ आहे. त्यांत ओठांचे ८, हिरड्यांचे १५, दांतांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि सर्व मुखाचे ३ असे विभाग आहेत. दांतांपेक्षां हिरड्यांचे रोग जवळजवळ दुप्पट सांगितले, यावरून त्या वैद्याची नजर कोठें होती तें दिसतें. दांतांवर सांचणाऱ्या कठीण किटणास तो ‘दंतशर्करा’ म्हणतो, व तें खरवडण्यासाठीं ‘दंतशंकु’ नांवाचें शस्त्र सांगतो. खरवडतांना दांताच्या मुळांस इजा होऊं देऊं नये, आणि मग मधांत लाखेची पूड कालवून चोळावी, असा त्याचा उपदेश आहे. हलणारा किडका दांत उपटून ती पोकळी डागावी असें तो सांगतो; परंतु वरच्या जबड्यांतला दांत हलत असला तरी काढूं नये, अतिरक्तस्राव होऊन रोगी दगावण्याची किंवा आंधळा होण्याची भीति असते, अशीहि सूचना देतो. ही भीति आज खरी मानीत नाहींत. पण रक्तस्राव पाहून घाबरलेल्या एखाद्या खऱ्या वैद्याचा अनुभव तिच्या मागें असावा असें मला वाटतें.

सुश्रुताला सर्व कांहीं ठाऊक होतें असें सांगणाऱ्यांची एक जात आहे, व त्याला कांहींच ठाऊक नव्हतें असें सांगणाऱ्यांची दुसरी. दोघांनींहि मूळ ग्रंथ क्वचितच उघडलेला असतो. शिवाय सुश्रुताच्या कितीतरी आधीं या उपखंडांत दांत कोरले जात होते. बलुचिस्तानांतील मेहेरगढ येथील स्मशानभूमींत सांपडलेल्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोंकानें पाडलेलीं भोंकें आहेत. हें २००६ सालीं जाहीर झालें, व त्या दाढा साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वींच्या आहेत. भोंकांच्या कडा झिजलेल्या आहेत. म्हणजे तीं माणसें जिवंत असतांनाच हें काम झालें व पुढें त्याच दाढांनीं त्यांनीं अन्न चावलें.

आतां बाजारांत येऊं. माझ्या लहानपणीं भिवंडीच्या बाजारांत दांतांतली कीड काढून देणारा माणूस बसे. त्याची रीत अशी कीं, निखाऱ्यावर रिंगणीचें बीं तेलांत भिजवून टाकावयाचें, वर नरसाळें उपडें घालावयाचें, आणि त्याच्या नळीवाटें धूर रोग्याच्या किडक्या दाढेवर सोडावयाचा. रोग्यानें मग पाण्याच्या परातींत लाळ गाळावी. थोड्या वेळानें पाण्यांत पांढरे बारीक किडे दिसत. भोंवतीं उभे असलेले लोक हळहळत, व रोगी पैसे देऊन समाधानानें घरीं जाई. युरोपांतहि हाच खेळ शेंकडों वर्षें चालला. तेथें रिंगणीऐवजीं खुरासनी ओवा असे. बीं तापलें म्हणजे फुटतें आणि त्याच्या पोटांतला पांढरा अंकुर वळवळल्यासारखा बाहेर येतो, तोच किडा. मात्र ही सर्वस्वीं फसवणूक होती असें म्हणवत नाहीं. खुरासनी ओव्यांत गुंगी आणणारें द्रव्य असतें, तेव्हां घटकाभर ठणका उतरतहि असेल.

हा किडा प्रथम नीट न्याहाळला तो हॉलंडांतील डेल्फ्ट गांवच्या लेवेनहूक नांवाच्या कापड-व्यापाऱ्यानें. कापडाचे धागे पारखावयास भिंग लागतें हें विणकरांच्या गांवांत राहणाऱ्या आम्हां मंडळींस निराळें सांगावयास नको; या गृहस्थानें स्वतःच्या हातानें भिंगें घांसून सूक्ष्मदर्शकें बनविलीं. १६८३ सालीं त्यानें आपल्याच दांतांवरचें पांढरें किटण काढून भिंगाखालीं धरलें, तों त्यांत असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करीत असलेले त्याला दिसले. पुढें १७०० सालीं दांतांतून धुरीनें काढलेले म्हणून कांहीं किडे त्याच्याकडे आले, तेव्हां त्यानें ते तपासून चीजमध्यें पडणाऱ्या अळ्यांशीं जुळवून दाखविले. गंमत अशी कीं, ज्या माणसानें बाजारांतला किडा खोटा ठरविला त्यानेंच खरा किडाहि पाहिला होता. फक्त त्या दोहोंचा दांतदुखीशीं संबंध त्या काळीं कोणास जोडतां आला नाहीं. १७२८ सालीं पॅरिसमध्यें प्येर फोशार यानें दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ छापला, त्यांत आपण सूक्ष्मदर्शकानें पुष्कळ किडके दांत तपासले पण किडा सांपडला नाहीं असें स्वच्छ सांगितलें. युरोपांत दंतवैद्यक हा न्हाव्याच्या वस्तऱ्यापासून वेगळा व अभ्यासाचा विषय झाला तो या ग्रंथापासून.

जोड जुळली ती १८९० सालीं. विलोबी मिलर हा अमेरिकन गृहस्थ बर्लिनमध्यें काम करीत होता. तोंडांतील जंतूंवरील त्याचा ग्रंथ त्या सालीं प्रसिद्ध झाला. तोंडांतले जंतु साखर व पिष्ट पदार्थ आंबवितात, त्या आंबण्यांतून आम्ल होतें, आणि तें आम्ल दांताच्या चुन्यास विरघळवितें, असें त्यानें दाखविलें. कीड दांत खात नाहीं. ती आपला उरलेला गोड घांस खाते, आणि तिच्या उत्सर्गानें दांत झिजतो. १९२४ सालीं या कामांत पुढाकार घेणारा एक जंतु क्लार्क यानें निराळा ओळखला. म्हणजे बाबिलोनच्या मंत्रांतला किडा अगदींच कल्पित नव्हता! तो फक्त डोळ्यांना दिसण्याइतका मोठा नव्हता.

हें एकदां समजलें म्हणजे दंतवैद्य काय करतो तें समजावयास अवघड नाहीं. दांतावर बाहेरून जें शुभ्र कवच असतें तें शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य होय; त्याखालीं मऊ पिवळसर थर, आणि त्याच्या गाभ्यांत रक्तवाहिन्या व ज्ञानतंतू यांचा मगज. कीड कवचापुरती असतांना दुखत नाहीं, म्हणून कोणी जात नाहीं. पिवळ्या थरांत शिरली म्हणजे थंड पाणी लागूं लागतें. याच वेळीं गेल्यास वैद्य किडका भाग कोरून काढतो व पोकळी मसाल्यानें भरून देतो. पूर्वीं तेथें पाऱ्याचें व चांदीचें मिश्रण भरीत. आतां दांताच्याच रंगाचा मसाला पुष्कळ ठिकाणीं वापरतात. मगजापर्यंत कीड पोंचली कीं रात्रींचा ठणका सुरू होतो. तेव्हां मगज काढून टाकून मुळांतल्या बारीक नळ्या साफ करतात, त्यांत गटापर्चा नांवाचा डिंकासारखा पदार्थ भरतात व वर टोपी बसवितात. यालाच सर्वत्र ‘रूट कॅनाल’ म्हणतात. कांहीं वेळां ठणका आपोआप थांबतो, आणि मंडळी लवंगेला किंवा नवसाला श्रेय देतात. बहुधा मगज मेलेला असतो, आणि मुळाच्या टोंकाशीं पू सांचूं लागलेला असतो; तोच पुढें गालावर सूज म्हणून दिसतो. लवंगेची मात्र मला बाजू घेतली पाहिजे. तिच्या तेलांतील द्रव्य जस्ताच्या भस्मांत कालवून दंतवैद्य स्वतः तात्पुरता मसाला करीत आले आहेत.

वेदनेचें काय? भूल देण्याच्या विद्येचा पाया दंतवैद्यांनींच घातला. डिसेंबर १८४४ मध्यें होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यानें हंसविणारा वायु हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. पुढच्याच महिन्यांत बोस्टन येथें त्याचा जाहीर प्रयोग फसला व लोकांनीं त्याची टर उडविली. त्याचाच पूर्वींचा भागीदार मॉर्टन यानें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं त्याच शहरीं ईथर यशस्वीपणें देऊन दाखविला, आणि वेल्सनें १८४८ सालीं आत्महत्या केली. आज हिरडींत सुई टोंचून दाढ बधिर करवून घेणाऱ्या कोणासहि त्याचें नांव ठाऊक नसतें.

हिरड्यांविषयीं बोलावयाचें तर आपला समाज सुश्रुतापेक्षां मागें आहे. दांतांवरचें किटण हिरडीखालीं उतरतें, हिरडी सुजते, रक्त येतें, हाड झिजतें आणि अखंड, न किडलेला दांत सैल होऊन गळतो. त्यावरचा उपाय किटण खरवडणें हाच आहे, आणि ‘दांत खरवडल्यानें सैल होतात’ या समजुतीपायीं तोच टाळला जातो. वास्तविक किटणानेंच सैल दांत धरून ठेवलेला असतो. माझ्या लहानपणीं आमच्या गांवांत एका आळींत बाभळीची व कडुनिंबाची काडी, तर दुसऱ्या आळींत पिलूची मिसवाक चाले, आणि दोन्हीं आळ्यांतल्या बायकांत तंबाखूची मिश्री चाले. पहिल्या दोन गोष्टींनीं फायदाच झाला. मिश्रीनें हिरडी बधिर होते, म्हणून ती सुटत नाहीं. मागावर पाळी करणाऱ्या तरुणांत पुढें गुटखा आला. त्यावर महाराष्ट्रांत २०१२ सालीं बंदी आली. त्या सुपारीनें गालाच्या आंतली त्वचा ताठर होऊन तोंड दोन बोटेंहि उघडत नाहीं अशी दशा होते. अशा तोंडांत दंतवैद्याचें हत्यारच जात नाहीं, आणि पुढें कर्करोगाचें भय राहतें तें वेगळेंच.

आपल्या मुलखांत शिकलेला दंतवैद्य उशिरां आला. १ मे १८५४ रोजीं आगगाडी कल्याणला पोंचली. तेव्हांपासून आमच्या गांवच्या रोग्यास तीन-साडेतीन कोस बैलगाडीनें कल्याण गांठून मुंबईस जाणें शक्य झालें. पण मुंबईस तरी कोण होतें? गोऱ्या लोकांसाठीं गोरे दंतवैद्य, चिनी कारागीर, आणि गरिबांसाठीं पदपथावर कवळ्या मांडून बसलेले लोक. हिंदुस्थानांतलें पहिलें दंतमहाविद्यालय १९२० सालीं कलकत्त्यास डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं काढलें. ते अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाचे पदवीधर. सरकारी मदत नसल्यामुळें त्यांनीं ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नांवाचें शीतपेयांचें दुकान चालवून त्या उत्पन्नावर महाविद्यालयाचा संसार चालविला. गोड पाण्याच्या पैशांतून दांत वांचविण्याची विद्या उभी राहिली, हा योगायोग मिलरला आवडला असता. कलकत्त्यासच शिकून कुमारी फातिमा जिना यांनीं १९२३ सालीं मुंबईस दंतचिकित्सालय उघडलें. ज्या काळीं सुशिक्षित घरांतल्या स्त्रिया पुरुष-डॉक्टरास नाडीहि पडद्याआडून दाखवीत, त्या काळची ही गोष्ट आहे. मग १९३३ सालीं नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय मुंबईंत सुरू झालें. हें रुग्णालय डॉ. ए. एल. नायर यांनीं आपल्या मातोश्री यमुनाबाई यांच्या स्मरणार्थ १९२५ सालीं उभारलें होतें. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांतलें सरकारी दंतमहाविद्यालय हेंहि मुंबईचें दुसरें ठिकाण.

स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं दंतवैद्यांचा कायदा झाला. त्यापुढें प्रश्न कठीण होता. विद्यालयांतून बाहेर पडलेले दंतवैद्य मूठभर. उलट बापाकडून किंवा उस्तादाकडून धंदा शिकलेले, पदवी नसलेले लोक गांवोगांव. त्यांना एका फटक्यानें बंद करावें तर बहुतेक गांवांत दाढ काढणारा कोणीच उरत नव्हता, आणि शिवाय त्यांच्या चुली विझत होत्या. म्हणून नोंदणीपुस्तकाचे दोन भाग केले. ‘अ’ भागांत पदवीधर. ‘ब’ भागांत ज्यांचा चरितार्थ निदान पांच वर्षें याच धंद्यावर चालला होता ते. या तडजोडीस पदवीधरांनीं नाकें मुरडलीं असतील तर नवल नाहीं, परंतु मला ती शहाणपणाची वाटते. त्या पिढीबरोबर ‘ब’ भाग आपोआप मिटत जाणार होता, आणि तोंवर रोगी वाऱ्यावर सुटत नव्हता. २०२३ सालीं संसदेनें राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला आहे.

आतां आमच्या गांवांत दंतवैद्यांच्या पाट्यांचा तुटवडा नाहीं. तरीहि माझे जुने विद्यार्थी, जे आज यंत्रमागावर रोजानें काम करतात, ते दाढ दुखली म्हणजे ‘काढूनच टाका’ असें म्हणतात. त्यांत अज्ञान थोडें, हिशेब जास्त असतो. दाढ वांचवावयाची तर दोन-तीन खेपा, क्ष-किरणाचें चित्र आणि टोपीचा खर्च. काढावयाची तर एकच खेप, आणि दुसऱ्या दिवशीं पाळी चुकत नाहीं. ज्यांना खर्च झेपत नाहीं पण दाढ ठेवावयाची आहे, ते पहाटे निघून कल्याणची गाडी धरतात आणि नायरच्या किंवा सेंट जॉर्जच्या आवारांत केसपेपरसाठीं रांग लावतात. त्या दिवशींचा रोज अर्थातच बुडतो.