होडीचा जुना रंग कसा काढावा, नवा कसा द्यावा? उजनीकाठच्या होडीवाल्यांसाठी सविस्तर माहिती

जळोची (ता. बारामती) : उन्हाळ्यात उजनीचा साठा उणेमध्ये गेला, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं, की भिगवण, कुंभारगाव, डिकसळ, कळाशी भागातल्या होड्या काठावर ओढल्या जातात. वर्षभराची डागडुजी आणि रंगकाम याच दिवसांत उरकतं. पण बऱ्याचदा घाई होते. जुन्या रंगावरच नव्या रंगाचा हात मारला जातो आणि होडी पुन्हा पाण्यात जाते. दिसायला ती नवी दिसते, पण रंगाखाली गंजलेला पत्रा किंवा तडकलेलं फायबर तसंच राहतं. जुना रंग काढणं म्हणजे होडीची खरी तपासणी. ती कशी करायची, ते पाहू.

आधी होडी कशाची आहे ते बघा

पत्रा, फायबर आणि लाकूड यांची कामाची पद्धत वेगळी आहे. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

- लोखंडी पत्रा : खरवडणं, तारेचा ब्रश, पेंट रिमूव्हर सगळं चालतं. मात्र पत्रा पातळ असेल तर ग्राइंडरला घासायची चाकी लावू नका, ती धातूच खाते. तारेचा कप ब्रश लावा आणि डोळ्यांवर चष्मा घाला.
- फायबर : फक्त पॉलिश पेपरने घासा. ८० नंबरने सुरुवात, १२० ने शेवट. साधा पेंट रिमूव्हर रंगाबरोबर फायबरचा वरचा थरही मऊ करतो. काचेचे पांढरे धागे दिसू लागले की लगेच थांबा.
- लाकूड : पत्रीने रेषांच्या दिशेने खरवडा. आडवं खरवडलं तर लाकूड उचकटतं. सांध्यांतली घाण नीट काढा.

ब्लोलॅम्प लावून रंग जाळणं तिन्ही प्रकारांत टाळा. फायबर आणि लाकूड पेट घेतं, पत्र्याजवळ इंजिनाचं पेट्रोल असतं, आणि जळणाऱ्या रंगाचा धूर विषारी असतो.

जुन्या रंगातलं शिसं

जुन्या रंगांत शिसं असायचं. शेंदूर म्हणजे शिशाचीच भुकटी आणि लोखंडाला गंज लागू नये म्हणून शेंदरी प्रायमर सर्रास वापरला जाई. रेड ऑक्साइड प्रायमर वेगळा, त्यातला लाल रंग गेरूसारखा लोहाचा असतो. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगावर, तसंच कारखानदारीसाठी विकल्या जाणाऱ्या रंगावर हा भरवसा ठेवता येत नाही.

शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. गरोदर बायकांनाही धोका असतो. जनावरं पोपडे चाटतात आणि त्यातून त्यांना विषबाधा होते. म्हणून :

- होडीखाली ताडपत्री अंथरा. पाण्याच्या कडेपासून आणि गोठ्यापासून लांब काम करा.
- वॉटर पेपर वापरून ओलं घासा, धूळ उडत नाही. तोंडावर रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा.
- मुलांना जवळ येऊ देऊ नका. कामाचे कपडे वेगळे धुवा, हात धुतल्याशिवाय तंबाखू-भाकरीला हात लावू नका.
- पोपडे पोत्यात भरा. जाळू नका, पाण्यात टाकू नका. उजनीचं पाणी सोलापूरपर्यंत पिण्यासाठी जातं.

पेंट रिमूव्हर कायम उघड्यावर वापरा. काहींमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे होडीच्या तळाशी साचते आणि आत वाकून काम करणारा बेशुद्ध पडू शकतो. अमेरिकेत २०१९ पासून असा रिमूव्हर सामान्य ग्राहकाला विकायला बंदी आहे.

रंग निघाल्यावर काय तपासायचं?

घासण्याआधी होडी साबणाच्या पाण्याने धुऊन शेवाळ आणि ऑइल काढून घ्या. ऑइल राहिलं तर घासताना ते आत मुरतं आणि नवा रंग धरत नाही.

रंग निघाला की संध्याकाळी अंधार पडताना पत्र्याच्या होडीत आतून बॅटरी लावा. बाहेरून उजेडाचे ठिपके दिसले तर तिथे भोकं आहेत. गंजाचे खड्डे हातोडीने हलके ठोकून बघा, पत्रा आत दबला तर तो तुकडा बदलावाच लागेल. फायबरवर हलकं ठोकत जा. एखाद्या जागी आवाज बद्द आला तर तिथले थर सुटले आहेत.

लांबी भरून भोक बुजवू नका. पत्र्याला तुकडा वेल्डिंग करून घ्या, त्याआधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा. फायबरची तड उतरती घासून, पूर्ण वाळवून, ग्लास मॅट आणि रेझिनने भरा. इथे एक गोष्ट जिवाशी येऊ शकते : कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळा, मग हार्डनर टाका.

नवा रंग : कुठला आणि किती हात?

घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी पुन्हा गंज दिसतो. त्यामुळे त्याच दिवशी प्रायमर लावा. साधा ऑइल पेंट कायम पाण्यात राहिला की फुगतो. पाण्याखालच्या भागाला इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि त्यावर इपॉक्सी रंग टिकतो. इपॉक्सी उन्हाने पांढुरका पडतो, म्हणून पाण्यावरच्या भागाला वरून पीयू रंग द्या. बजेट कमी असेल तर वरच्या भागाला रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट चालेल, पण तळाला तडजोड नको.

गॅल्वनाइज्ड पत्र्यावर ऑइल पेंट थेट लावला तर तो पापडासारखा सुटतो. त्याला आधी एच प्रायमर लागतो. साहित्य घ्यायला बारामतीला जाल तेव्हा दुकानदाराला पत्रा कुठला आहे आणि होडी पाण्यात राहणार आहे, हे आवर्जून सांगा. थिनर आणि हार्डनर त्याच कंपनीचे घ्या, प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणे ठेवा.

वेल्डिंगचे सांधे, कडा आणि बोल्ट यांना आधी ब्रशने एक हात द्या, गंज तिथूनच सुरू होतो. आतूनही रंगवा, कारण पाणी आतच साचून राहतं. दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग लावला तर फोड येतात. सकाळी दव वाळल्यावर किंवा ऊन कलल्यावर काम करा. इपॉक्सी पूर्ण पक्का व्हायला साधारण सात दिवस लागतात, तोवर होडी पाण्यात घालू नका.

समुद्रातल्या बोटींना शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून तळाला विषारी रंग लावतात. उजनीच्या गोड्या पाण्यात त्याची गरज नाही. इथे फक्त शेवाळ येतं, ते ब्रशने निघतं. मासे याच पाण्यात वाढतात.

पाण्यात घालण्याआधी

रंगकामाचे दिवस आणि वळवाचे दिवस एकच असतात. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. वाऱ्यापुढे चांगला रंगही काही करू शकत नाही. पण रंगकाम चालू असतानाच पुढच्या गोष्टी करून घेता येतात :

- होडीत ठरलेली माणसं आणि सामान भरल्यावर पाणी कुठवर येतं, तिथे दोन्ही बाजूंना ठळक पट्टा ओढा. पट्टा बुडाला की वजन जास्त झालं.
- किती माणसं बसवायची तो आकडा आतल्या बाजूला मोठा लिहा.
- वरचा भाग भगवा किंवा पिवळा ठेवा, लांबून दिसतो. आतून फिकट रंग द्या, गळती लवकर कळते.
- नोंदणी क्रमांक असेल तर खरवडण्याआधी फोटो काढा आणि नंतर तसाच लिहा.
- पहिल्यांदा काठालाच, गुडघाभर पाण्यात अर्धा दिवस ठेवून गळती बघा.
- लाइफ जॅकेट माणशी एक असल्याशिवाय आणि आभाळ भरून आलं असताना होडी सोडू नका.