डोंगरात चुकलेला बोगदा

रोमन जलसेतू शोधले की फोनवर आधी कमानीच कमानी येतात. मीसुद्धा बरीच वर्षं त्या कमानींवरच खूश होतो. मग वाचता वाचता कळलं की रोमच्या पाण्याचा बहुतेक प्रवास जमिनीखालून व्हायचा. इ.स.पू. ३१२ मध्ये सुरू झालेला पहिला जलमार्ग, आक्वा आप्पिया, जवळपास सगळाच जमिनीखाली होता. दरी आडवी आली तरच कमानी.

पंप नव्हते. झऱ्यापासून शहरापर्यंत पाणी निव्वळ उतारावर वाहायचं. उतार जास्त झाला तर पाणी पाट खरवडणार, कमी पडला तर तुंबणार. फ्रान्समधल्या नीम शहराचा जलमार्ग सुमारे ५० किलोमीटरचा, आणि त्यात पाणी उतरतं जेमतेम १२-१३ मीटर! हे मोजायला हाताशी काय, तर कोरोबातेस नावाचं लांबलचक लाकडी बाक, त्याला टांगलेले ओळंबे आणि माणसाची नजर.

मग चुका व्हायच्या नाहीत का? व्हायच्या. त्यातली एक दगडावर कोरलेली आहे.

इसवी सन १५० च्या आसपासची गोष्ट. आजच्या अल्जीरियातल्या साल्दाए गावासाठी डोंगरातून चारशे मीटरहून लांब बोगदा खणायचा होता. तिसऱ्या ऑगस्टा लीजनमधला नोनियस दातुस हा पातळी मोजणारा जाणकार. त्याने डोंगरावर खुंट ठोकून रेषा आखून दिली आणि तो परतला. दोन्ही टोकांकडून खणणं सुरू झालं.

काही वर्षांनी त्याला पुन्हा बोलावणं आलं. वाटेत दरोडेखोरांनी गाठलं. अंगावरचे कपडेही गेले, जखमी होऊन तो कसाबसा सुटला. पोचला तर सगळे तोंड पाडून बसलेले. दोन्ही बाजूंचं खोदकाम मिळून डोंगराच्या रुंदीपेक्षा जास्त झालं होतं, तरी बोगदे भेटत नव्हते. दोन्ही टोळ्या आपापल्या उजवीकडे सरकत गेल्या होत्या आणि खडकाच्या पोटात एकमेकींना चुकल्या होत्या. खापर अर्थातच आखणी करणाऱ्यावर.

दातुसने पुन्हा मोजलं, कुणी कुठे खणायचं ते ठरवून दिलं. आरमाराचे शिपाई आणि गेसाती तुकडीचे शिपाई यांच्यात चक्क शर्यत लावली. बोगदे भेटले, गावात पाणी आलं.

पुढे त्याने ही सगळी हकिगत, अधिकाऱ्यांच्या पत्रांसकट, दगडावर कोरून घेतली. लॅम्बेसिसला सापडलेल्या त्या दगडावर धीर, कर्तबगारी आणि आशा यांचे मुखवटे आहेत. धीर सगळ्यात आधी.

नीमच्या मार्गावरचा पाँ द्यु गार हा पूल बघायला जगभरातून लोक जातात. तो उभारणाऱ्याचं नाव मात्र उरलेलं नाही. दातुसचं नाव आज मला माहीत आहे, कारण त्याचं काम एकदा बिघडलं होतं, आणि ते त्याने लपवलं नाही.