‘प्रत्येक व्यक्ती’तून न्यायाधीश कसे वगळले गेले?

न्यायाधीशानेच बेकायदा तुरुंगात धाडले, तर त्या माणसाने भरपाई कुणाकडे मागायची? अमेरिकेतल्या कैद्यांच्या नागरी हक्कांच्या दाव्यांचे निकाल वाचताना हा प्रश्न मला सतत अडवत राहिला. मी कायद्याचा पदवीधर नाही. पण या प्रश्नाचा इतिहास दोन शब्दांभोवती फिरतो, आणि शब्द तपासायला पदवी लागत नाही.

यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅनने कृष्णवर्णीयांवर चालवलेल्या अत्याचारांना तिथली पोलीस-न्यायालये आवर घालीनात, तेव्हा काँग्रेसने १८७१ साली कायदा केला. राज्याच्या अधिकाराच्या आधारे दुसऱ्याचे घटनादत्त हक्क हिरावणारी ‘प्रत्येक व्यक्ती’ त्याने भरपाईस जबाबदार ठरवली. हेच आजचे कलम १९८३. न्यायाधीशांचा अपवाद मूळ कायद्यात नव्हता. उलट, यामुळे न्यायाधीशही खेचले जातील, हा आक्षेप विरोधकांनी तेव्हाच घेतला होता.

पुढच्याच वर्षी, पण या कायद्याशी संबंध नसलेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने जुने इंग्रजी तत्त्व उचलून धरले. लिंकन-हत्येच्या कटातील आरोपी जॉन सरॅटचे वकील जोसेफ ब्रॅडली यांची सनद न्यायाधीश फिशर यांनी काढून घेतली होती. न्यायालय म्हणाले, न्यायाधीशाने अधिकार ओलांडला, द्वेषाने वा भ्रष्टपणे वागला, तरी त्याच्यावर दावा चालणार नाही; मुळात अधिकारच नसेल तर गोष्ट वेगळी.

हे तत्त्व कलम १९८३ला चिकटले ते १९६७मध्ये. सप्टेंबर १९६१मध्ये मिसिसिपीतील जॅक्सनच्या बस स्थानकात गोऱ्यांसाठी राखीव प्रतीक्षालयात गेलेल्या १५ धर्मगुरूंना पोलिसांनी पकडले. दंडाधिकाऱ्याने प्रत्येकाला चार महिने कैद आणि २०० डॉलर दंड ठोठावला. भरपाईच्या दाव्यात सरन्यायाधीश वॉरन यांनी दंडाधिकाऱ्याला पूर्ण संरक्षण दिले. काँग्रेसला जुने तत्त्व मोडायचे असते, तर तिने तसे स्पष्ट लिहिले असते, हा त्यांचा तर्क. एकट्या न्यायमूर्ती डग्लस यांनी विचारले, ‘प्रत्येक व्यक्ती’ म्हणजे प्रत्येक व्यक्ती नव्हे काय?

कैद्यांना या कलमाखाली दाद मागता येते, हे १९६४मध्ये मान्य झाले होते. १९८४मध्ये एक फट आणखी उघडली. व्हर्जिनियातील एक दंडाधिकारी, ज्या किरकोळ गुन्ह्यांना कैदेची शिक्षाच नव्हती, त्यांतही जामीन न भरणाऱ्यांना कोठडीत टाकत असे. भरपाई नाही, पण मनाईहुकूम मिळू शकतो, असे न्यायालयाने ठरवले. १९९६मध्ये काँग्रेसने ही फटही जवळजवळ बुजवली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने, संरक्षण असलेल्या व्यक्तीकडे भरपाई मागणारा कैद्याचा दावा छाननीतच फेटाळणे न्यायालयांना बंधनकारक झाले.

संरक्षणामागचे कारण पोकळ नाही. प्रत्येक हरलेला पक्षकार न्यायाधीशाला कोर्टात खेचू लागला, तर निर्भयपणे निकाल कोण देईल? शिवाय अपील आहे, फौजदारी खटलाही आहे. पेनसिल्व्हेनियातील लुझर्न काउंटीत खासगी सुधारगृहांशी संबंधित लाखो डॉलर घेणाऱ्या दोन न्यायाधीशांना दीर्घ कारावास झाला. मात्र त्यांच्यावरील भरपाईच्या दाव्यात न्यायासनावरून केलेली कृत्ये सुरक्षितच राहिली. जबाबदारी आली ती न्यायासनाबाहेरच्या व्यवहारांची.

आपल्याकडे कंपनी सरकारच्या काळातला १८५०चा कायदा अजून आहे. त्यात अधिकारकक्षा ओलांडणाऱ्या न्यायाधीशाला संरक्षण मिळते, पण आपल्याला अधिकार आहे असे त्याने सद्भावनेने मानलेले असावे लागते. मला त्याहून मोलाचा वाटतो तो १९८३चा रुदुल साह निकाल. १९६८मध्ये निर्दोष सुटूनही बिहारच्या तुरुंगात १४ वर्षे सडलेल्या या माणसाला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी राज्याच्या तिजोरीतून ३५ हजार रुपये देवविले. तिथे चूक न्यायाधीशाची नव्हती; तरी वाट दिसते. न्यायाधीशाचा खिसा सुरक्षित ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याच्या निर्भयतेची किंमत एकट्या कैद्याने का भरावी? ती राज्याने भरावी.