वऱ्हाडचे पक्षिमित्र आणि त्यांची वही

वऱ्हाड म्हटले की कापूस, काळी माती आणि वैशाखातील ऊन एवढेच चित्र परक्या माणसाच्या डोळ्यांसमोर उभे राहते. आम्हां वऱ्हाडकरांनाही पुष्कळदा आपल्या मुलखाविषयी याहून अधिक काही सांगता येत नाही. अकोल्याच्या जठारपेठेसारख्या वस्तीत राहणाऱ्याला कावळा, चिमणी, साळुंकी आणि पारवा यांपलीकडे पक्षी ठाऊक नसला, तर त्यात नवल नाही. परंतु याच शहरातून हिवाळ्यातील रविवारी पहाटे काही माणसे बाहेर पडतात. पातूर रस्त्यावरील कापशीचा तलाव, महानचे काटेपूर्णा धरण, कृषी विद्यापीठाची शेते ही त्यांची नेहमीची ठिकाणे. शिक्षक, कारकून, दुकानदार, विद्यार्थी असा हा मेळा असतो. एक दुर्बीण चौघांत फिरते, डबे एकत्र उघडले जातात आणि निघण्यापूर्वी दिवसभराची यादी मोठ्याने वाचली जाते. या वहीचा इतिहास आम्हांस येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

आपल्या देशात अशा मंडळांचा आरंभ १५ सप्टेंबर १८८३ रोजी झाला असे म्हणता येईल. त्या दिवशी मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या काळी पक्षी ओळखावयाचा म्हणजे तो बंदुकीने टिपून त्याचे कातडे जपून ठेवावयाचे, अशीच रीत होती. सलीम अली यांच्या आयुष्याला वळण लागले तेही बालपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीमुळे. पिवळ्या गळ्याची ती चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी १९०८ साली ते सोसायटीच्या दारी गेले. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांचा कल ओळखून त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविणारे फादर एथेलबर्ट ब्लाटर हे स्विस येशूसंघीय धर्मगुरू होते. स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या या धर्मगुरूंनी एका मुसलमान तरुणाच्या मनातील ओढ जाणली, ही गोष्ट आमच्या घराघरांतून सांगितली जावी अशी आहे.

मराठी माणसांची चळवळ मात्र पुष्कळ उशिरा आकारास आली. १९८१ साली लोणावळ्यास पहिले महाराष्ट्र पक्षिमित्र संमेलन भरले आणि गावोगावच्या एकट्यादुकट्या निरीक्षकांना आपल्यासारखे इतरही आहेत हे कळले. वऱ्हाडात मेळघाटचे अरण्य १९७४ सालीच व्याघ्र प्रकल्पात गेले होते. तेथे काही काळ सेवा केलेले मारुती चितमपल्ली यांनी वनवासी बांधवांकडून आणि जुन्या ग्रंथांतून पक्ष्यांची नावे वेचून ती मराठीच्या पदरात टाकली. अमरावतीस जयंत वडतकर, राजू कसंबे यांच्यासारख्या अभ्यासकांनी पोहरा-मालखेडच्या राखीव वनातील पक्ष्यांची यादी २००२ साली आणि तिची सुधारित आवृत्ती २००७ साली प्रसिद्ध केली. शहराशेजारच्या, ज्याला कोणी फारसे महत्त्व देत नव्हते अशा रानाची ती रीतसर जन्मपत्रिकाच होय.

वाचक विचारतील, अशा याद्यांचे मोल ते काय? याचे उत्तर रानपिंगळ्याच्या कथेत आहे. ब्लेविट नावाच्या गृहस्थाने १८७२ साली हल्लीच्या छत्तीसगढात हे लहानसे घुबड मिळविले आणि ह्यूमने १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. खानदेशात १८८४ साली डेव्हिडसनने त्याचे नमुने घेतले, त्यानंतर तो दिसेनासा झाला. कर्नल माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज संग्राहकाने मात्र १९१४ साली तापीकाठच्या मांडवी येथे आपण तो मिळविल्याचे नोंदविले होते. त्या शब्दावर विसंबून शोध घेणारे रिकाम्या हातांनी परतले. पुढे उघड झाले ते असे, की हा नमुना डेव्हिडसनच्याच संग्रहातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. ही खोटी नोंद बाजूस सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेणाऱ्या पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. मध्ये ११३ वर्षे लोटली होती. पुढे तो आमच्या मेळघाटातही आढळला.

एकट्याने केलेली, कोणी न पडताळलेली नोंद किती काळ दिशाभूल करू शकते, हे यावरून दिसते. म्हणूनच चांगल्या पक्षिमंडळात दुर्मीळ पक्षी वहीत चढविण्यापूर्वी दुसऱ्याने तो पाहिला आहे काय, असे विचारले जाते. वडीलधाऱ्या सभासदाचे म्हणणे शाळकरी मुलाने खोडून काढावे आणि वडीलधाऱ्याने ते हसत मान्य करावे, असे प्रसंग तेथे घडू शकतात. सत्यापुढे वय आणि मान गौण ठरतात, हा संस्कार मुलांना पाठांतराने देता येत नाही.

वहीचे दुसरे काम अधिक दुःखद आहे. एके काळी गावकुसाबाहेर गिधाडांचे थवे नित्य दिसत. जे नित्य दिसते त्याची नोंद कोण घेणार? १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी झाली आणि गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधाने ती मरतात, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर आपल्या देशात बंदी आली. ज्यांनी आधीपासून मोजदाद ठेवली होती, त्यांच्यामुळेच हानी किती हे सांगता आले. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तलावाकाठी थंडीत उभे राहून चक्रवाक आणि थापट्या बदके मोजणारी माणसे आपल्या नातवंडांसाठी साक्ष लिहून ठेवीत असतात.

या इतिहासात आणखी एका समाजाचे नाव आदराने घेतले पाहिजे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याची झळ पारधी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का सहजासहजी पुसला गेला नाही. अकोला आणि वाशीम परिसरातील फासेपारध्यांना माळरानाची खडान्‌खडा माहिती. तित्तिराचा आवाज, लाव्याची वाट, पावसाळ्यात मादीसाठी गवतातून उंच उड्या मारणारा तणमोर, हे सारे त्यांना पुस्तकाविना ठाऊक. ‘संवेदना’ या संस्थेच्या सोबतीने त्यांतील काही कुटुंबांनी गवताळ माळ राखण्याचे आणि तणमोराच्या नोंदी ठेवण्याचे काम हाती घेतले. फास लावणारे हात राखणदाराचे झाले. तणमोर आज जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. माळ ‘पडीक’ म्हणून नांगरला गेला, तर तणमोरही जाईल आणि त्याला ओळखणाऱ्यांची विद्याही जाईल. शहरातील पक्षिमित्रांनी या जाणकारांना वाटाड्या म्हणून मजुरी देऊन थांबू नये. त्यांना आपल्या वहीत सहलेखकाचे स्थान द्यावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० साली पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला. चितमपल्ली जून २०२५ मध्ये आपल्यातून गेले. त्यांनी गोळा केलेले शब्द मात्र आता आपल्या सर्वांच्या मालकीचे आहेत. येत्या सप्ताहात प्रत्येक कुटुंबाने एक साधी वही घ्यावी. आजीला तिच्या माहेरच्या पक्ष्यांची नावे विचारावीत, मुलांनी ती तारीख घालून लिहावीत आणि जवळच्या पक्षिमंडळाच्या रविवारच्या फेरीस सर्वांनी मिळून जावे. वही नियमाने चालली, तर पुढच्या पिढीला आपल्या गावाविषयी खात्रीने बोलता येईल.